बाई पेशंट झाल्या तेव्हा

फादरांच्या त्या छोट्याशा विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या बाईंना पाठीमागे सगळे 'उलटतपासणी' म्हणत. "बरं आहे ना?" असं साधं विचारलं, तरी "बरं म्हणजे काय?" हे ठरलेलं! घरी नवऱ्याने तर कधीचेच हात टेकले होते. पण नर्सिंगची पोरगी असो की अकाउंट्सची, बाईंचा विषय पास झाल्याशिवाय पदवी नाही, हा तिथला पहिल्यापासूनचा नियम.

यंदा त्या नियमावरच गदा आली. मुख्य फादर म्हणाले, "बाई, आईबाप पोटाला चिमटा काढून पोरींना इथे पाठवतात. त्यांना नोकरी हवी. तुमचे तास वॉर्डातल्या सरावाला दिले तर?" फादरांचं काही चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत. उभा जन्म बाईंनी या एका विषयात घातला होता.

आता नर्सिंगच्या परीक्षेला पेशंट लागतात, आणि दरवेळी खरे कुठून आणणार? म्हणून रीतच पडली होती: इतर विषयांच्या शिक्षकांनी खाटेवर निजायचं, ठरवून दिलेलं दुखणं सांगायचं. इतिहासाचे सर तर असे कण्हत की बघणाऱ्याचा जीव वर-खाली व्हावा! बाईंच्या वाट्याला पोटदुखी आली आणि समोर आली त्यांचीच लाडकी विद्यार्थिनी. विषयाचा निकाल लावणारी बैठक दुसऱ्याच दिवशी होती. बाईंना वाटलं, माझा विषय वॉर्डात कामाला येतो की नाही, दाखवूनच देते. पोरीने नाडी धरली तशा त्या हळूच म्हणाल्या, "मी मरणार आहे का गं? खरं सांग."

हे ठरलेलं नव्हतं. पोरगी थिजलीच. तिच्या धक्क्याने खाटेवरचा ट्रे खाली पडला आणि ती रडत बाहेर पळाली. परीक्षक सिस्टर शेजारच्या खाटेपाशी होत्या. त्यांना ट्रेचा आवाज तेवढा ऐकू आला, त्यांनी पोरीला नापास केलं. एका दवाखान्यात तिची नोकरी ठरलेली होती, ती आता हातची जाणार. तरी पोरीने बाईंबद्दल अवाक्षर काढलं नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! बाईंना रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

बैठकीत भलतंच झालं. सिस्टरच म्हणाल्या, "कालची पोरगी बघा, जरा काही झालं की रडारड. मन घट्ट व्हायला तत्त्वज्ञानच हवं. राहू दे बाईंचा विषय." बाकीच्यांनी माना डोलावल्या. फादरही विचारात पडले.

बाई उठल्या. "ती रडकी नाही हो. मी ठरलेलं सोडून भलतंच विचारलं. माझा विषय वाचावा म्हणून मी तिला वापरलं. तिची परीक्षा पुन्हा घ्या."

फादरांनी पोरीची परीक्षा पुन्हा घ्यायला सांगितलं आणि बाईंचा विषय ऐच्छिक करून टाकला.

जिन्यात सिस्टरनी त्यांना गाठलं. "अहो, जीभ आवरली असती तर विषय राहिला असता की!"

"राहिला असता," बाई म्हणाल्या. "पण कोणत्या तोंडाने शिकवला असता?"

एवढं बोलून त्या पायरीवरच बसल्या आणि त्यांना रडू कोसळलं. सिस्टरही शेजारी टेकल्या.