तात्यांना मी जे वाचून दाखवलं नाही

हे मी अजून कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, पाळकसाहेबांपाशी नाही. प्रार्थनेतसुद्धा या जागेपाशी आलो की मी अडखळतो आणि भलतंच काहीतरी मागायला लागतो — जसं काही देवाला ते ठाऊकच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा ज्या माणसामुळे माझ्या आयुष्याचं बरं झालं, त्याची गोष्ट लोक अर्धीच सांगतात, आणि उरलेली अर्धी फक्त माझ्यापाशी आहे — म्हणूनही असेल.

आमचं गाव घाटनांदूरपासून दोन कोसांवर, आणि आमची वस्ती गावाच्या उगवतीला. वीस-बावीस घरं. आजोबांच्या पिढीत आम्ही ख्रिस्ती झालो, पण गावाच्या लेखी होतो तिथंच राहिलो. गावाचा आड मारुतीच्या पाराजवळ. त्याच्या कठड्याला आमचा हात लागायचा नाही. म्हणून मिशनच्या मदतीनं आमच्या म्हाताऱ्यांनी वस्तीत आपला आड खोदला. काळ्या पाषाणात, सुरुंग लावून. तो सुरुंग लावणाऱ्यांतले एक दाविदतात्या. माझ्या नात्यातले नव्हेत, पण सगळ्या वस्तीचे तात्या. दगड फोडून फोडून हाताची सालटी निघालेली, बोलणं कमी, आणि अक्षरओळख अजिबात नाही.

मी मात्र शिकलेला. मिशनच्या बोर्डिंगात राहून सातवी पास झालेला, वस्तीत एकटाच. पाळकसाहेब महिन्यातून एकदा सायकलवर यायचे. बाकीच्या रविवारी शास्त्र मी वाचायचो. मी जे वाचायचो तेच लिहिलेलं आहे, असं लोक मानायचे. हे एवढं नीट लक्षात घ्या — कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

तात्यांची एक गंमत होती. अध्याय कुठला, ओवी कितवी, त्यांना काही सांगता यायचं नाही. पण तीस वर्षांपूर्वी कानावर पडलेलं वचन ते शब्द न चुकता सांगायचे. मग म्हणायचे, ‘‘शमुवेल, हे कुठं हाय? काढ बरं.’’ मी शोधून द्यायचो. सापडलं की त्यांचा चेहरा असा खुलायचा, जणू हरवलेली शेळीच दारात परत आली.

आणि मी? मी तेव्हा पंचविशीतला. मला बायबलातल्या लढाया आवडायच्या. यहोशवा, गिदोन, दाविदाचे शूर वीर. यरीहोचा तट कोसळतो तो अध्याय मी असा वाचायचो की बायका कडेवरची पोरं घट्ट धरायच्या. शांतीची वचनंही मी वाचली होतीच की. विहिरींवरून भांडण झालं तेव्हा इसहाकानं एक विहीर सोडली, दुसरी सोडली आणि पुढं जाऊन तिसरी खोदली — तेही वाचलं होतं. पण ते वाचताना माझा आवाज चढत नसे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. माणसं खडी फोडायला जायची, सुकडीवर पोरं जगायची. माघ महिन्यात गावाच्या आडात नुसता गाळ राहिला. आमच्या आडात कमरेएवढं पाणी होतं. कुणाला वाटलं नव्हतं, पण होतं. एका शनिवारी गावातल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन वस्तीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. आत येईनात. कुणी तरी आणून ओतावं म्हणून थांबलेल्या. ‘‘उद्या बसून ठरवतो,’’ असं आम्ही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर मंडळी लिंबाखाली बसली. मी बोललो. फार चांगलं बोललो — आजही मला त्यातलं वाक्यन् वाक्य आठवतं, हीच तर शिक्षा आहे. इस्राएल लोक म्हणाले, तुमच्या विहिरीचं पाणीसुद्धा पिणार नाही, फक्त वाटेनं जाऊ द्या; तरी अदोमाचा राजा तलवार घेऊन आडवा आला, हे मी सांगितलं. थकल्याभागल्यांवर पाठीमागून घाला घालणारा अमालेक सांगितला. यरीहो सांगितला. आणि मग सांगितली माझ्या आईची घागर, जी गावच्या आडावर माझ्या डोळ्यांदेखत फोडली होती. ते खरं होतं. मी सात वर्षांचा होतो. पण हे मी कारण म्हणून सांगत नाही. त्या घागरीचा मी त्या दिवशी उपयोग करून घेतला, म्हणून सांगतोय.

पोरं पेटली. मार्थाकाकू म्हणाल्या, ‘‘पर वैऱ्यावर माया करा, असं प्रभू सांगतो ना?’’ मी म्हणालो, ‘‘माया करा म्हटलंय काकू, आड देऊन टाका असं न्हाई म्हटलं.’’ सगळे हसले. मला बरं वाटलं.

तेव्हा तात्या उठले. ‘‘शमुवेल, आणखी एक हाय बघ. दुष्मन भुकेला असंल तर त्याला खाऊ घाल, तान्हेला असंल तर पाणी पाज. मी ऐकलंय. काढ बरं ते. वाच समद्यांला.’’

कुठं आहे ते मला ठाऊक होतं. रोमकरांस लिहिलेलं पत्र, बारावा अध्याय. बोर्डिंगात त्याच्याखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली होती. मी पुस्तक उघडलं. पानं उलटली. ती ओळ समोर आली. मी ती पाहिली, पूर्ण वाचली — मनात. आणि म्हणालो,

‘‘तात्या, असं कुठं लिहिलेलं न्हाई.’’

‘‘न्हाई?’’

‘‘न्हाई.’’

त्यांनी माझ्या हातातल्या उघड्या पुस्तकाकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘‘माज्याच ध्यानात चुकलं असंल मग.’’ आणि बसले.

मी खोटं का बोललो? वाद घालता आला असता. बायबलात लढाया आहेत, हे काही मी रचलेलं नव्हतं. त्यांचा अर्थ काय लावायचा यावर माझ्याहून शहाणी माणसं आयुष्यभर भांडली आहेत. मी म्हणू शकलो असतो — हो तात्या, हेही लिहिलंय, पण आपण देऊ नये. पण मग लोक उठले असते आणि पाणी द्यायला गेले असते. माझं भाषण तिथंच विझलं असतं. एवढंच. दुसरं काही कारण शोधून सापडत नाही.

पाणी द्यायचं नाही, असं ठरलं.

सोमवारी सकाळी बाया आल्या, त्यांना आम्ही परतवून लावलं. मी पुढं होतो, हातात काठी. त्यात कोंडाबाई नावाची म्हातारी होती, गावातल्या मोठ्या शेतकऱ्याची आई. तिनं घागर डोक्यावर पालथी ठेवली आणि उन्हात चालू लागली. घटकाभरानं गाव आलं. वीस-पंचवीस गडी, काठ्या, दोघातिघांकडे कुऱ्हाडी. सगळ्यांत पुढं कोंडाबाईचा मुलगा भगवान — एकेकाळी फडात कुस्त्या मारलेला. आम्ही वाट अडवून उभे. दोन्हीकडून शिव्या सुरू झाल्या. त्या दिवशी माणूस मेला असता, हे मी आज शपथेवर सांगतो. आणि तो माझ्या शब्दानं मेला असता.

तेवढ्यात पाठीमागं रहाट करकरला.

आम्ही सगळे रस्त्याकडे तोंड करून उभे होतो. आडाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तात्या पाणी शेंदत होते. किती वेळापासून, देव जाणे. आपल्या घरातली होती नव्हती ती भांडी त्यांनी कठड्यावर भरून मांडली होती — घागर, कळशी, दोन डबे, पत्र्याची बादली. दोर त्यांच्या हातावरनं सरकत होता आणि त्याला रक्त लागलेलं दिसत होतं. त्यांनी मान वर केली, आमच्याकडे पाहिलंही नाही, आणि माझ्या खांद्यावरून थेट भगवानला म्हणाले,

‘‘भगवान, ती काठी ठिव अन् दोर धर बे. माजे हात सोलले.’’

वस्तीतल्या माणसानं गावच्या माणसाला असं कधी म्हटलं नव्हतं.  भगवान जागचा हलेना. मग त्याच्यामागून कोंडाबाई आली, ती कधी परत आली ते कळलंच नाही. ती म्हणाली, ‘‘कावून उभा हाईस? म्हातारा माणूस हाय, धर की.’’

भगवाननं काठी लिंबाला टेकवली. आमच्या रांगेतनं आत आला — आम्ही बाजूला झालो, मीसुद्धा — आणि दोर धरला. दुपारपर्यंत त्यानं पाणी शेंदलं. बाया आत आल्या.

पुढचं सांगतो, कारण ते सांगताना मला अजून बरं वाटतं. सकाळी वस्तीची पाळी, दुपारी गावाची, असं ठरलं. चैत्रात आड आटायला लागला तेव्हा गावाचे आणि आमचे गडी मिळून तळात उतरले. सुरुंग तात्यांनी लावला. दोन हात खडक फुटला आणि एका कडेनं झरा मोकळा झाला. त्यावर पावसापर्यंत दोघंही तगलो. पुढं दोन वर्षांनी गावात दुधाची सहकारी संस्था निघाली. वस्तीतलं दूध वेगळ्या क्यानीत घ्यावं, असं कुणी तरी म्हणालं. भगवान बैठकीत म्हणाला, ‘‘मी त्यांच्या आडाचं पाणी पिलोय. दुधाला काय हुतंय?’’ सगळ्यांचं दूध एकाच क्यानीत गेलं. शिकलेला म्हणून मला संस्थेचा सचिव केलं. तिथं मी तीस वर्षं काढली. त्याच नोकरीवर मुलं शिकली, पत्र्याच्या जागी पक्कं घर झालं, मुलीचं लग्न झालं. आज माझी नात भगवानच्या नातवाबरोबर एकाच गाडीवर घाटनांदूरच्या कॉलेजात जाते. यातलं काय माझ्या हातचं होतं? एका माणसानं माझं ऐकलं नाही, त्यातून हे सगळं आलं. मी रोज सकाळी उठल्यावर त्यासाठी देवाचे आभार मानतो, आणि ते आभार खरे आहेत.

पण लोक काय सांगतात? ते सांगतात, ख्रिस्ती वस्तीनं शास्त्र वाचून गावाला पाणी पाजलं. संस्थेच्या एका समारंभात बीडहून आलेले पाहुणे म्हणाले, शमुवेलरावांनी शांतीचं वचन वाचून दाखवलं आणि दोन समाज एक झाले. माझ्या मांडीवर शाल होती, नारळ होता. मी हात जोडले. उठून ‘नाही’ म्हणालो नाही.

आणि अजून मी मुख्य गोष्टीपाशी आलोच नाही. पाहिलंत ना, कसा फिरतोय.

पाणी दिल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी प्रार्थनेच्या वेळी तात्या उभे राहिले. डोळे मिटून म्हणाले, ‘‘बापा, तुज्या पुस्तकात नव्हतं तरी मी केलं. मला ऱ्हावलं न्हाई. माफ कर.’’ लोकांना वाटलं, म्हातारा नम्र आहे. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. देवाच्या शब्दाबाहेर जाऊन आपण पाणी पाजलं, असं त्यांना खरंच वाटत होतं. ते माफी मागायचे आणि तो शब्द माझ्या मांडीवर, मिटलेल्या पुस्तकात असायचा. पाळकसाहेब आले की प्रार्थना तेच करायचे, आणि मला विचारायचे, आज कुठला भाग घ्यावा? मी सुचवायचो. रोमकरांसचं पत्र मी कधी सुचवलं नाही. असं तीन वर्षं चाललं.

शत्रूचं सैन्य राजाच्या हाती लागलं तेव्हा अलीशा संदेष्ट्यानं त्यांना मारू दिलं नाही, भाकर-पाणी देऊन घरी धाडलं, आणि त्या टोळ्या पुन्हा चाल करून आल्या नाहीत — ही गोष्ट मला त्याच वर्षांत वाचताना भेटली. मी ती दोनदा वाचली. तात्यांनी हेच केलं होतं, आणि ते कधीच्या काळी लिहून ठेवलेलं होतं. केवढा आनंद झाला असता त्यांना. शेळी दारात आल्यासारखा. मी ती गोष्टही त्यांना सांगितली नाही; कारण एक सांगितलं असतं तर दुसरंही निघालं असतं.

तात्या अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांची मुलगी रूथ मला बोलवायला आली. दुपारची वेळ. वाटेनं जाताना मी ठरवलं होतं — आज वाचायचं. खूण म्हणून बोट त्याच पानात घालून नेलं होतं. तात्या बाजेवर पडलेले. रूथ पदरानं वारा घालत होती. ती ऐकेल, मग सगळी वस्ती ऐकेल, मग गाव ऐकेल, असं माझ्या मनात आलं. मी बोट काढलं आणि ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे तेविसावं स्तोत्र वाचलं.

ते ऐकून तात्या म्हणाले, ‘‘देव मला इचारल, पुस्तकाभाईर कावून गेलास? काय सांगू?’’

एवढं सरळ त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ‘‘देव दयाळू हाय, तात्या.’’

त्यांनी हात उचलला, माझ्या डोक्यावर ठेवला. ‘‘मला वाचता येत न्हाई. तुज्यामुळं देवाचा शब्द माज्या कानावर आला. लई उपकार. सुखी ऱ्हा.’’ मी मान वाकवली आणि तो आशीर्वाद घेतला. तो मला लाभलाही. सुखाचंच आयुष्य मिळालं मला, आणि त्याबद्दल कृतज्ञ कसं नसावं?

तात्या त्यानंतर आणखी दोन दिवस होते, शुद्धीवर होते. मी दोन्ही दिवस गेलो. त्यांच्याजवळ बसलो. सांगितलं नाही.