तित्तर आणायला गेलेला माणूस

तीन आठवड्यांपूर्वी सुभाना काळे यांची लेक दारात येऊन म्हणाली, "आबा गेले, मास्तर. तुमास्नी सांगायचं म्हणून आले." मी "बस" म्हणालो. ती बसली नाही.

एकोणीसशे तीसच्या आगेमागे सरकारनं पारध्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवून सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. दोन वेळा हजेरी, चिठ्ठीशिवाय बाहेर पाऊल नाही. त्या चिठ्ठ्या लिहिणारा कारकून मी. हे सारं पाहायला लांबून साहेब-मडमा येत. त्यांना हिंडवून दाखवणंही माझ्याकडेच होतं, आणि मला ते आवडायचं. सुभानांना मी तेव्हा सुभान्या म्हणत असे. फासे लावून तित्तर धरण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पाहुण्यांसमोर ते तित्तराचा आवाज काढत आणि मडमा टाळ्या पिटत. एकदा त्यांनी विचारलं, "पाव्हणे म्हनता मास्तर, मग आमच्यात पानी का पीत न्हाईत?" मी हसण्यावारी नेलं. "आमी बी बगतो की त्यांना," ते म्हणाले, "फुकटात!"

उन्हाळ्याच्या तोंडावर एक बडे पाहुणे यायचे होते. जिवंत तित्तर दाखवायचा माझा हट्ट. सुभाना म्हणाले, "आता माद्या अंड्यावर हायती. ह्या दिसांत आमी फास लावत न्हाई." मी म्हणालो, "नर आण. संध्याकाळच्या हजेरीआधी ये." चिठ्ठी लिहायचा कंटाळा केला... तोंडीच सोडलं.

हजेरी झाली, सुभाना नाहीत. अंधार पडल्यावर ते टोपलीत एक नर घेऊन आले. फासात दोनदा मादी आली, दोनदा सोडली, मग आणखी पुढच्या माळावर गेले. आमच्या मोठ्या साहेबानं विचारलं, कुणाच्या परवानगीनं गेलास? सुभानांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मला ठाऊक नाही, साहेब." नोकरी नवी होती. रजिस्टरात माझ्याच हातानं लिहिलं: 'पळाला, रात्री सापडला.' दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी तित्तर पाहिला आणि कोठडीतला पळपुटाही पाहिला. फोटो काढला. गजांमागे सुभाना, बाजूला मी, छाती पुढे काढून. पुढे त्यांनी त्याची एक प्रत मला पाठवली.

कुंपण निघाल्यावरही सुभाना वर्षातून एकदा येत, उंबऱ्याबाहेर बसत, चहा पिऊन जात. त्या दिवसाबद्दल चाळीस वर्षांत एक शब्द नाही. गेल्या खेपेला मात्र म्हणाले, "नातू कचेरीत लागलाय, मास्तर. जुनी दफ्तरं चाळतो म्हने. माझं नाव पळाला म्हनून घावलं तर? तुमी एक कागद लिवून द्या की."

"देतो," म्हणालो. दिला नाही. लिहायचं तर स्वतःचंही नाव लिहावं लागणार होतं.

परवा तो फोटो पेटीतून काढला. मागची बाजू कोरी होती. तिच्यावर, तेव्हा लिहीत असे तसंच, लिहिलं: 'सुभाना काळे यांस तित्तर आणण्यासाठी कुंपणाबाहेर जाण्यास परवानगी आहे.' खाली सही केली. तारीख त्या दिवसाची घालणार होतो, पण हात थांबला. आजची घातली.

उद्या तो फोटो मी त्यांच्या नातवाला नेऊन देणार आहे. त्यांच्या घरी पाणी मागून पिईन... त्यांनी दिलं तर.