मामांचं अळणी ताट

मामा गेल्याचा निरोप मोडनिंबला आमच्या घरी आला, तेव्हा मी आधी विचारलं, कुणाशी मारामारी झाली? निरोप आणणारा गोंधळला. म्हणाला, मारामारी न्हाय, सकाळी तळ्यावरून फिरून आले, ओट्यावर टेकले आणि गेले... सोलापुरात लाकडाची वखार चालवणारे, तालमीत वस्ताद म्हणून मिरवणारे माझे मामा इतके निवांत मरतील, असं त्यांच्या वैऱ्यांनाही वाटलं नसतं.

त्यांचा हात आधी चालायचा, तोंड मागाहून. नव्या पेठेत धक्का लागला म्हणून एका कापडवाल्याला त्यांनी त्याच्याच दुकानाच्या पायरीवर आपटलं, त्याचे पुढचे दात पडले. वखारीतल्या हमालांच्या पाठीवर त्यांच्या काठीचे वळ मी पाहिलेत. वस्तादांचं रक्त गरम, असं लोक कौतुकानं म्हणत. मला त्या कौतुकाची चीड यायची. ज्याच्या पाठीवर वळ उठतात त्याला विचारा म्हणावं.

एकदा आखाड्यात एका पैलवानाला बुकलताना त्यांच्याच नाकातून रक्ताची धार लागली. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून हवा भरली. पट्टा आवळला तसं मामांनी डॉक्टरांचा गळाच धरला. डॉक्टरांनी गळा सोडवून घेतला आणि सांगितलं, रक्ताचा दाब फार चढलाय. मीठ बंद, तंबाखू बंद, रोज चालायचं आणि राग गिळायचा. नाहीतर डोक्यातली शीर फुटेल.

त्या दुपारी मी मामांच्या घरीच होते. मामीनं त्यांच्या पितळीत भाकरी आणि बिनमिठाची आमटी वाढली. आमच्याकडे अळणी जेवतात ते सुतकात. पहिल्याच घासाला मामांचे डोळे लाल झाले.

"मी जिता हाय. सुतकाचं कुणाला वाढतीस?"

त्यांनी पितळी भिरकावली ती मामीच्या भुवईवर बसली. रक्त गालावरून पदरावर ओघळलं. मी किंचाळून उठले. मामीनं मात्र भुवईवर पदर दाबला, कडेला पोचा आलेली तीच पितळी उचलली, पुसली आणि तीच आमटी पुन्हा वाढली.

"जिते हायसा म्हनूनच वाढतीया. तुमी गेल्यावर ह्येच मला खायाचं हाय की. तवा एकटीनं खान्यापरीस आता तुमच्यासंगं खाते."

आणि त्याच पितळीत ती जेवायला बसली. मामांनी तिच्या भुवईकडे बघितलं आणि त्याच आमटीत भाकरी कुस्करली.

त्यानंतर मामा देवमाणूस झाले, असं मी लिहिणार नाही. शिव्या होत्याच. पण राग चढला की ते चपला घालून तळ्याकडे चालू लागत. परत येत तेव्हाही मुठी वळलेल्याच असत, फक्त त्या कुणावर पडत नसत. तंबाखूची चंची त्यांनी स्वतः चुलीत घातली, आणि रोज मामीबरोबर त्याच एका पितळीत अळणी जेवू लागले. दाब उतरला म्हणून डॉक्टर खूश होते, आणि वखारीतले हमाल त्यांच्याहून खूश. मला मात्र मामीच्या भुवईवरचा व्रण दिसला की आजही मामांचा राग येतो, आणि रडूही येतं.

मामा गेल्यावर सुतकात त्या घरात काहीच वेगळं शिजलं नाही. तेराव्याला आईनं मीठ घालून आमटी केली आणि मामीला त्याच पोचा आलेल्या पितळीत वाढली. मामीनं एक घास घेतला. मग जरा सरकून समोर मामांना बसायला जागा केली, जशी रोज करायची, आणि पितळी हळूच बाजूला सारली.

"लई खारट हाय," ती म्हणाली. "ह्यांला चालायचं न्हाय."