थोड्या गारव्यासाठी

इंदूरच्या राजेंद्र नगरमधलं आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. एप्रिल लागला की संध्याकाळीसुद्धा भिंती हाताला गरम लागायच्या. इतकी वर्षं ते सोसलं. पण दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात हे बँकेतलं काम आटोपून परत आले आणि जिन्यातच कोसळले. उन्हाची लू लागली होती. हृदयाचं दुखणं आधीपासून होतंच. डॉक्टर म्हणाले, "हो सके तो गर्मी में इन्हें यहाँ मत रखिए."

मी शाळेतून निवृत्त झालेली, हे सरकारी कचेरीतून. पेन्शनीत भागेल आणि फार तापणार नाही असं घर शोधायला आम्ही सत्तरीत बाहेर पडलो.

आधी मुलाकडे बंगळुरूला गेलो. हवा खरंच छान होती. पण घर दोन खोल्यांचं. सून लॅपटॉप उघडून मीटिंगला बसली की आम्ही आत कुजबुजत बोलायचो. जवळपास भाड्याची घरं पाहिली. भाडं ऐकून हे दारातच थांबले, आत यायला तयार होईनात. मुलगा म्हणाला, "बाबा, भाडं मी देईन ना." दुसऱ्या दिवशी चहा पिताना हे मला म्हणाले, "परतीचं तिकीट काढ."

मग बेळगाव. तिथे माझी मामेबहीण राहते. आम्ही गेलो ते ऐन पावसाळ्यात. कपडे वाळेनात, यांचा खोकला बळावला. तरी तिने तीन घरं पाहून ठेवली होती. तिसऱ्या घराचा जिना चढताना मागे वळून पाहिलं, तर हे खालच्या पायरीवर बसलेले.

"तूच बघून ये. तुला आवडलं की मला आवडलं."

मला संतापच आला. लोकांच्या घरातले नळ सोडून बघायचे, मोरी बघायची, वर हसून "छान आहे" म्हणायचं, हे सगळं मी एकटीनंच करायचं का? मग यांचा चेहरा पाहिला. वर गेलेच नाही. तिथेच यांच्याजवळ बसून राहिले. बहीण वरून हाका मारत होती.

इंदूरला परतल्यावर खालच्या मजल्यावरची शेजारीण म्हणाली, "काकू, इतकं दूर कशाला भटकता? महूला बघा ना. थोडं ठंडं राहतं तिथे, पेड़ भी खूब आहेत."

महू तर तासाभराच्या वाटेवर. आम्हाला सुचलंच नव्हतं. तिथे पाहिलेलं घर तळमजल्यावरचं, मागे लहानसं अंगण आणि कडुलिंब. भाडं आमच्या आवाक्यातलं. घरमालक फौजेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "भाई साहब, झूठ नहीं बोलूँगा. मई में यहाँ भी तपता है. बस, शाम को हवा चल जाती है."

इतक्या घरमालकांत उन्हाबद्दल खरं सांगणारे हेच पहिले. हे माझ्याकडे वळून म्हणाले, "घेऊ या."

राजेंद्र नगरचं घर भाड्यानं दिलं आणि थंडीतच सामान हलवलं. अर्ध्याहून जास्त वाटून टाकलं. कपाट उचलायला माणसं आली तेव्हा वाईट वाटायलाही माझ्यात त्राण नव्हतं.

मे आला. दुपारी इथेही तापायचं. ओले पडदे लावून आम्ही गप्प पडून राहायचो. ऊन कललं की हे अंगणात खुर्ची टाकून बसायचे. अंगाला वारा लागायचा, श्वास मोकळा व्हायचा. पण बोलायला कोणी नाही. रोज बागेत भेटणारे यांचे मित्र इंदूरलाच राहिले. सुरुवातीला त्यांचे फोन यायचे, मग कमी झाले.

एका संध्याकाळी मी भाजी निवडत होते. हे अचानक म्हणाले, "अगं, आता इथून हलायचं नाही ना आपल्याला?"

त्यांना इथे करमतं म्हणून विचारलं, की आणखी एक घर पाहायची भीती वाटली म्हणून, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

"नाही," म्हटलं, "आता कुठे जायचं?"

त्यांनी मान हलवली आणि पाय समोरच्या स्टुलावर लांब केले.