फ्लेक्सची मागची बाजू

मेहरूणच्या आमच्या गल्लीत दुकानांच्या सगळ्या पाट्या एके काळी पेंटर आबांच्या हातच्या होत्या. पुढे फ्लेक्स आले आणि आबांच्या कानावरचा ब्रश नुसताच तिथे राहिला.

यंदा गल्लीत हस्तकलेचा बाजार भरवायचं ठरलं. समितीने त्याचा फलकही फ्लेक्सचाच छापून आणला. बाजाराच्या नावापेक्षा उद्घाटनाच्या पाहुण्यांचा चेहरा मोठा. आबांनी एक डोळा मिटून तो पाहिला.

"बठ्ठं शे भाऊ, फक्त हातनं काही नही," ते मला म्हणाले. सगळं होतं, हाताने केलेलं तेवढं काही नव्हतं.

मग त्यांनी फ्लेक्स उलटा केला, खडूच्या दोरीने रेघ मारली आणि कोऱ्या पाठीवर बाजाराचं नाव रंगवलं. फोटोतले पाहुणे भिंतीकडे तोंड करून टांगले गेले. रंग वाळेपर्यंत आबा शेजारीच उभे होते, कुणी बोट लावू नये म्हणून. पूर्वी प्रत्येक दुकानापुढे उभे राहायचे तसेच.