सात एकांचा ताळा

धीर माझ्या अंगात कधीच नव्हता. टेंभी नाक्याजवळ बिऱ्हाड केलं तेव्हा मी ठाण्याच्या मराठी शाळेत गणित शिकवायचो, आणि सकाळी शाळेला जाण्याआधी बायकोलाही. ती कल्याणची, आकड्यांत चलाख. जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही पुरता भाग जात नाही ती मूळ संख्या, हे तिला एकदाच सांगावं लागलं.

मग तिनेच एकांचा खेळ मांडला. अकरा मूळ. एकशे अकरा तिनाने फुटते. चार एक फुटतात, पाच एक एकेचाळीसाने फुटतात, सहा तर सहजच. सात एकांपाशी, म्हणजे अकरा लाख अकरा हजार एकशे अकरापाशी, ती अडली आणि मला चैन पडेना. जेवताना तेच, मिठागरांच्या बांधावर फिरतानाही तेच. एकेका मूळ संख्येने भागत सुटलो. प्रत्येक भागाकाराला नवाचा ताळा करायचा: अंकांची बेरीज घ्यायची, नऊ टाकायचे, दोन्हीकडे उरलेलं जुळतं का बघायचं. पंतोजींनी छडीने अंगात भिनवलेली रीत. ताळा जुळला की मागे वळून बघायचं नाही.

हजाराच्या पुढे, वर्गमूळापर्यंत पोचलो; त्यापलीकडे बघायची गरज नव्हती. सांगून टाकलं, "ही मूळच आहे."

ती पाटी घेऊन उभी होती. "अहो, दोनशे एकोणचाळीसाने भाग जातोय. एकदा बघा तरी."

माझं डोकं सणकलं. पाटीकडे न बघता वही उघडली. बाकी एकशे बेचाळीस, ताळा चोख. म्हटलं, "मला शिकवू नकोस. पुरे झालं तुझं गणित." तिने पाटी पुसली. माळ्यावर मीच टाकली. पुढे तिने विषय काढला नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं.

बारा वर्षांनी बिऱ्हाड हलवताना ती वही हाती आली. दोनशे एकोणचाळीसाच्या भागाकारात एका वजाबाकीत एकशे सतरा यायला हवे होते, मी घाईत एकशे एकाहत्तर लिहिले होते. अंक इकडचे तिकडे झाले तरी त्यांची बेरीज तीच, म्हणून ताळा मुकाट जुळला होता. तिथेच उभ्या उभ्या पुन्हा भागलं. भागाकार चार हजार सहाशे एकोणपन्नास, बाकी शून्य.

ती डाळ निवडत बसली होती. "तुझं बरोबर होतं," मी म्हटलं.

"ठाऊक आहे. उलटं गुणून बघितलं होतं मी. चार ओळींचं काम."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. बघा म्हटलं होतं."

लाजेने मला तिच्याकडे बघवेना. माळ्यावरची पाटी उतरवली, धूळ झटकून तिच्यापुढे ठेवली, पेन्सिल दिली. म्हटलं, आठ एकांचं बघू या. तिने पेन्सिल हातात घेतली, थोडा वेळ तशीच धरली आणि परत पाटीवर ठेवली.

"राहू द्या," ती म्हणाली. "हातचे कसे धरायचे ते विसरले मी."

आणि डाळीतले खडे वेचू लागली.