कोरडा हात

पहिलेच सांगून ठेवतो. भूत, चकवा, बाहेरची बाधा... हे मी मानत नाही. आजही मानत नाही. तुमच्या या पानावर लोकायचे अनुभव छापून येतात ते मी वाचतो — चष्मा लावून, अक्षरावर बोट ठेवून, सावकाश — अन् निम्म्यात हसतो. कोणाले पांढरी साडी दिसते, कोणाले पैंजण ऐकू येते. मी सारा जन्म रानात काढला, मले रानडुकराशिवाय कोणी भेटलं नाही. म्हणून हे लिहायची पाळी माह्यावर येईन असं कधी वाटलं नव्हतं. शाळेत मी दोनच वर्ग शिकलो. लिहिण्यात चुका असतील. सांगण्यात नाही.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, इंद्रवेल्लीच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी. नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या वेचणीले बाया यायच्या नाहीत. गावाच्या मागं जो डोंगर आहे त्याचा माथा सपाट आहे, परातीसारखा. त्या माथ्यावर माह्या बापाच्या पट्ट्याचं वावर. खालच्या वावरात कापूस, वर ज्वारी. वर ना विहीर, ना कोठा. ज्वारी संपते तिथं, माथ्याच्या काठावर, एक मोहाचं जुनं झाड. झाडापासून उतरायची वाट सुरू होते, अन् वाटेनं थोडं खाली आलं की डाव्या हाताले कपार आहे... वरून खडकाचं छप्पर, आत बैल बसन एवढी जागा. वावर, मग झाड, मग कपार. हे ध्यानात ठेवा. पुढं कामी पडते.

दसरा होऊन गेला होता. ज्वारी दाण्यात आली होती अन् डुकरं रोज येऊन लोळून राह्यली होती. कुंपणाच्या काट्या बदलायच्या म्हणून मी अन् हरिदास सकाळीच वर चढलो. हरिदास म्हणजे माहा साळा. आमच्या गावातच राहते, वांगे-मिरची लावते अन् इंद्रवेल्लीच्या बाजारात बसते. वयानं माह्याहून लहान, पण बोलण्यात माहा बाप.

निघताना आमच्या घरची ओसरीत उभी होती. म्हणे, "अवो, दोघं चालले, दोघं या. माहा एकच भाऊ आहे."

"अन् नवरे काय चार-दोन आहेत?" मी म्हटलं.

ती हसली नाही. तिचा उजवा डोळा सकाळपासून लवत होता म्हणे. मी म्हटलं, डोळ्यात कचरा गेला असन.

दुपारपर्यंत काम चांगलं झालं. ऊन असं होतं की कुऱ्हाडीचं पातं हाताले चटका देत होतं. मग जेवायले बसलो तेव्हा माहूरकडं ढग दिसले. काळे नाही... निळे, सुजलेल्या अंगासारखे. तेवढ्यात हरिदासचा मोबाईल वाजला. सरकारी निरोप होता, तेलुगूतून. बाजारात बसून बसून त्याले तेलुगू वाचता येते. तो म्हणे, "दाजी, पिडुगु पडते म्हणून राह्यले." तेलुगूत वीज पडण्याले पिडुगु म्हणतात. डोंगरावर राहू नका, झाडाखाली थांबू नका, लोखंड जवळ ठेवू नका... असं सगळं त्यात होतं. चला उतरू, असं त्याचं म्हणणं.

मी म्हटलं, हैदराबादेत बसून त्यायले माह्या डोंगरावरचे ढग दिसतात काय? वारा खालून वर वाहत होता. अशा वाऱ्यात माहूरचा ढग आमच्याकडं येत नाही, हा माह्या बापाचा हिशेब, अन् तो कधी चुकला नाही. त्या दिवशीही हिशेब चुकला नव्हता. वारा फिरला. वाऱ्यानं दगा दिला, ती गोष्ट वेगळी.

हरिदास कुरकुरत राहिला. मी काट्या रोवत राहिलो. थोड्या वेळानं पाखरं गप झाली. वारा असा थांबला की ज्वारीचं पान हालत नव्हतं. मग माह्या हातावरचे केस उभे झाले... थंडीनं होतात तसे नाही, कोणी वरून ओढल्यासारखे. अन् कुऱ्हाडीच्या पात्यापाशी माशी गुणगुणल्यासारखा आवाज येऊ लागला. मी पाहिलं, माशी नव्हती.

हरिदास म्हणे, "दाजी, कुऱ्हाड फेका."

आमच्याकडं वीज कडकडली की बाया घरातला विळा नाही तर कुऱ्हाड अंगणात फेकतात. वीज लोखंडावर पडन, घरावर पडणार नाही, अशी समजूत. मी म्हटलं, हे काय अंगण आहे? ते पातं माह्या बापाच्या वेळचं होतं अन् धावड्याचा दांडा मी माह्या हातानं तासला होता. फेकाले काय तिले उकिरड्यावर आणली होती?

तेवढ्यात पहिली वीज समोरच्या डोंगरावर पडली, अन् अंधार झाला. दुपारचा अंधार. मग गारा. लिंबाएवढ्या गारा मी जन्मात दोनदाच पाहिल्या, त्यातली ही एक वेळ. मी बारदान्याची खोळ डोक्यावर ओढली, हरिदासनं त्याचं प्लास्टिक ओढलं, अन् आमी वाटेकडं पळालो. मी पुढं. तो मागून म्हणे, "मी मागंच आहे, दाजी." बस, एवढं ऐकलं.

मोहाजवळून गेलो, वाट उतरलो, कपारीत शिरलो. पाठ कातळाले टेकवून दम घेतला. खोळ डोळ्यावर होती, कारण गारा तिरप्या आत येत होत्या. तेवढ्यात उजव्या बाजूनं हरिदास येऊन टेकला अन् त्यानं माहं मनगट धरलं.

मी 'हरिदास' लिहून राह्यलो, कारण तेव्हा मले तेच वाटलं.

मी म्हटलं, "सोड ना बे. नवरी आहे काय मी?" तो बोलला नाही. उलट मले खाली ओढलं. कातळापासून पाठ सुटली अन् मी उकिडवा बसलो, दोन्ही पाय जवळ, मुंडकं गुडघ्यात. जरा टेकायले गेलो की पुन्हा ओढे. मी त्याले शिव्या दिल्या. त्याच्या बापालेही दिल्या, म्हणजे माह्या सासऱ्याले. जिते असते तर ऐकून हसले असते. तिकडून हूं नाही की चूं नाही. विजा एकावर एक पडत होत्या, डोंगर पायाखाली बैलाच्या कातड्यासारखा थरथरत होता.

मग वरून कपारीत पाणी येऊ लागलं. गारेचं पाणी, बर्फासारखं. पाय सुन्न झाले. मले वाटलं, यापेक्षा वर मोहाखाली बरं. घेर मोठा आहे, पानं दाट आहेत, त्या झाडाखाली मी किती पावसाळे काढले. मी उठलो.

हातानं मले उठू दिलं नाही.

मी तुमाले सांगतो, या वयातही ज्वारीचं पोतं मी एकटा पाठीवर घेतो. अन् मले त्या एका हातानं जाग्यावर बसवलं. मनगट असं दाबलं की हाडावर हाड आलं अन् माही बोटं आपोआप उघडली. त्याच हातात कुऱ्हाड होती. ती निसटली. पण... लोखंड खडकावर पडलं की आवाज येते ना? आला नाही. मी वाट पाहिली. आलाच नाही.

तेव्हाच वीज पडली.

आवाज नंतर आला. पहिले उजेड. बारदान्याच्या एकेका विणीतून पांढरा उजेड. तोंडात तांब्याचा पैसा ठेवल्यासारखी चव आली. अन् त्या उजेडात, खोळीच्या काठाखालून, मले माहं मनगट दिसलं अन् त्यावरची बोटं दिसली.

बोटावर धूळ होती. वैशाखात गाडीवाटेवर असते तशी पांढरी, भुरभुरीत, कोरडी धूळ.

मी पाहिलं. पण तेव्हा डोक्यात शिरलं नाही. माणसाचं डोकं अशा वेळी बंद पडते. मी एवढंच समजलो की हात गरम आहे, बरं आहे.

हळूहळू गारा थांबल्या. पाऊस होता, पण विजा दूर गेल्या. मी म्हटलं, "सोड आता. चाल खाली, तुही बहीण वाट पाहत असन." हात तसाच. मी ओढून पाहिला. तसाच.

अन् तेव्हा वरून आवाज आला. माथ्यावरून, ज्वारीच्या पार पलीकडून. रडवेला, बारीक झालेला, पण मी ओळखला.

"दाजी! ओ दाजी!"

हरिदास वर होता.

मनगटावरचा हात तसाच होता.

मी भ्यालो, हे लिहायले मले लाज वाटते, पण लिहितो. वाघाची पावलं पाहून मी भ्यालो नव्हतो. खोळ वर करून बाजूले पाहायचं, एवढंच काम. माह्याच्यानं झालं नाही. उजव्या बाजूले कोणीतरी बसलं आहे, त्याची ऊब लागून राह्यली, पण श्वासाचा आवाज नाही... अन् मी डोळे मिटून बसलो. ज्याले मी एवढा वेळ शिव्या घातल्या, तो कोण?

हरिदासनं पुन्हा हाक दिली. तेव्हा पहिले करंगळी सुटली. मग तिच्या बाजूचं बोट. एक एक करून. अंगठा सगळ्यात शेवटी.

मी किती वेळ तसा बसलो माहीत नाही. मग खोळ काढली. कोणी नव्हतं. चिखलात पावलं होती, माहीच.

वर गेलो. मोह शेंड्यापासून बुडापर्यंत चिरला होता, भर पावसात धूर निघत होता. माही कुऱ्हाड त्याच्या बुडाशी पडली होती, पातं निळं पडलेलं. कपारीतून झाडापर्यंत चढ आहे. तिथून गोफणीचा धोंडाही वर पोचायचा नाही, अन् माह्या हातातून ती नुसती निसटली होती. मी उचलली नाही. आजही ती तिथंच आहे, गंज खात. मी, अन् कुऱ्हाड टाकून आलो... यावरून काय समजायचं ते समजा.

हरिदास वावराच्या मधात, झोपलेल्या ज्वारीत, पाय जवळ घेऊन बसला होता. मले पाहून रडण्याच्या जागी भांडायलेच लागला. म्हणे, मले बसवून कुठं पळाले? गारेत त्याची वाट चुकली होती. वीज चमकली तेव्हा मोह दिसला, तो झाडाकडं पळाला, अन् मी मागून त्याचं मनगट धरून त्याले सरीत खाली बसवलं... म्हणजे त्याले वाटलं मीच. किती हिसके दिले, मी सोडलं नाही म्हणे. मग पाऊस कमी झाला तसा हात सुटला, प्लास्टिक वर करून पाहते तं कोणी नाही. म्हणून हाका मारून राह्यला होता.

मी त्याले हाताले धरून उठवलं. चाल म्हटलं.

उतरताना कपारीजवळ तो थांबला. राग गेला होता. हळूच म्हणे, "दाजी, एक विचारू? एवढ्या पाण्यात तुमचा हात कोरडा कसा होता?"

मी त्याले तेव्हाही सांगितलं नाही. घरी चुलीपुढं बसल्यावर सांगितलं, आमच्या घरचीसमोर. तिनं दोघायचे हात कंदिलापुढं धरले. वळ उठले होते. माह्या उजव्या मनगटावर, त्याच्या डाव्या. ती किती वेळ पाहत राहिली. मग म्हणे, "तुमी दोघं बाजूबाजूले बसले होते काय? तुमच्या मधात कोण होतं?"

आमी बाजूबाजूले नव्हतो. तो वर, मी खाली. अन् मधात... मधात तं मोहाचं झाड होतं.

दवाखान्यातल्या डाक्टरले विचारलं. तो म्हणे, वीज जवळ पडली की नसा आखडतात, भास होते. मी म्हटलं, दोघाले एकच भास? वळासकट? तो हसला अन् मलम दिला. भगतानं बकरा मागितला, त्याले मी दारातून वापस केलं. बकरा कोणाच्या नावानं कापू? नाव माहीत असतं तर मीच गेलो असतो, त्याले दिलेल्या शिव्या वापस घ्यायले.

या गोष्टीले तीन पावसाळे झाले. मले समजलं नाही, हरिदासले समजलं नाही. मी अजूनही काही मानत नाही. पण आता माहूरकडं ढग दिसला की मी लोखंड वरच टाकून खाली उतरतो, अन् झाडाखाली थांबत नाही. भ्यालो म्हणून नाही. वाऱ्याचा भरवसा राहिला नाही म्हणून.

वाटेवर कपारीच्या खाली कातळाची एक पायरी अवघड आहे. तिथं हरिदास पहिले उतरते अन् खालून हात देते. मी लगेच धरत नाही. पहिले बोटानं चाचपून पाहतो. घामानं ओला लागला की मगच धरतो.

तोही माहा हात तसाच पाहते. त्यावर आमी दोघं कधी बोलत नाही.